काळ्या कागदाची खिडकी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या आमच्या घरी सकाळचे डबे भरत होते. इतक्या लवकर ती कधी फोन करत नाही, म्हणून पोळी तव्यावरून काढली आणि फोन उचलला. ती रडत नव्हती. आवाज मात्र इतका दबका, की गॅस बंद करून ऐकावं लागलं. "ताई, हे गेले," ती म्हणाली. "फिरून आले, व्हरांड्यात खुर्चीवर बसले, पाणी मांगलं... मी पाणी घेऊन येईपर्यंत गेलेच. बाजूचे डॉक्टर पाहून गेले." मी काही बोलायच्या आत तिनं पुढचं विचारलं, आणि फोन खरं तर त्यासाठीच होता हे माझ्या लक्षात आलं. "सुजूले अजून उठवली नाही. तिच्या उठाच्या टाइमले अवकाश आहे. उठवू का?"

मनोहरदादा माझा सख्खा मोठा भाऊ. सुजाता त्याची एकुलती एक मुलगी, आता एकोणीस वर्षांची. नवरा नुकताच गेलेल्या बाईनं मुलीला उठवू का, असं नणंदेला विचारावं, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. मी म्हटलं, "नको उठवू. मी येते." स्कूटर काढली आणि वैशाली नगरकडे निघाले. वाटेत सवयीप्रमाणे डोक्यात यादी सुरू झाली. कुणाला कळवायचं, विहारात कोण जाईल, गावाकडून येणारे कुठे उतरतील. पण त्या यादीत पहिल्या जागी दादा नव्हता. सुजूची झोप होती. आणि मला खात्री आहे, दादानं यादी केली असती तर त्यानंही हाच क्रम लावला असता.

गल्लीच्या तोंडाशी शेजारचे साहूजी उभे होते. मला पाहून त्यांनी एक तळहात पुढे धरला आणि दुसरा त्याच्यावर आडवा, जराही न हलवता, ठेवला. स्टील प्लांटमध्ये क्रेनखाली उभा असलेला माणूस वरच्या ऑपरेटरला ही खूण करतो. अर्थ एवढाच, की हळू. मी स्कूटर बंद केली आणि ढकलत नेली. अंगणात बरीच माणसं जमली होती, पण कुणी खुर्ची ओढत नव्हतं, कुणी हंबरडा फोडत नव्हतं. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दादा व्हरांड्यातच, चादरीखाली. त्याच्या उशाशी असलेल्या खोलीची खिडकी बंद होती, आतून काळा कागद लावलेली. त्या खिडकीच्या पलीकडे त्याची मुलगी झोपली होती, आणि अख्खी गल्ली ती आपणहून उठायची वाट पाहत होती.

एखादी गल्ली अशी गप्प उभी राहायला कशी शिकते, ते सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

आमचे वडील भंडाऱ्याकडून इथे आले तेव्हा प्लांट नुकता उभा राहत होता. आम्ही भावंडं प्लांटच्या सेक्टर वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये वाढलो. दादा आयटीआय करून त्याच प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर म्हणून लागला. लहानपणापासून त्याला प्रश्न पडायचे, आणि पडलेला प्रश्न खिशात ठेवून तो फिरत नसे, समोर जो असेल त्याला विचारून मोकळा व्हायचा. न्हाव्याला विचारायचा, डोक्यावर भोवरा असलेल्या माणसाचे केस तुला वेगळे कापावे लागतात का? विहारात भंतेजींना विचारायचा, ध्यानाला बसल्यावर तुमच्या पायाला मुंग्या येतात का, आणि आल्या तर काय करता? भंतेजी हसून म्हणाले होते, "येतात. बसून राहतो." दादा त्या उत्तरावर महिनाभर खूश होता. प्रत्येक वाक्य 'कावून'नं, म्हणजे 'का'नं, सुरू करायचा म्हणून आई त्याला 'कावूनचंद' म्हणायची. मी अगदी उलट. शाळेच्या ऑफिसात जन्म काढलेली, सगळं कागदावर उतरवणारी. दादा मला चिडवायचा, "आमच्या मायाले उत्तरं लिहून ठेवाची हौस आहे. प्रश्न कोणता होता, ते तिले ठाऊक नसते."

शिफ्टवाल्याचं घर कसं असतं, ते माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा दुपारची, एक आठवडा रात्रीची, आणि पुन्हा पहिल्यापासून. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, म्हणून त्याच्या खोलीच्या खिडकीला आतून काळा कागद डकवतात. आमच्या सेक्टरमध्ये काळी खिडकी दिसली की मुलं बॅट काखेत मारून पुढच्या मैदानाकडे जायची, कुणाला ओरडावं लागायचं नाही. अशा घरात कुकरची शिट्टी कधीही होते. कुणी पहाटे भात खातं, कुणी भर दुपारी दात घासतं. आणि घरातलं कुणी जागं दिसलं, तर का जागं, हे विचारायची रीत नसते. जागं आहे म्हणजे काहीतरी काम असेल. या रीतीचा आम्हाला अभिमान होता. आम्ही समजूतदार माणसं, एकमेकांच्या झोपेत आणि जागेपणात नाक खुपसत नाही. चूक झाली ती इथेच, आणि ती शिफ्टवाल्याच्या घरातच होऊ शकते.

सुजू तेव्हा चौदाची होती. शांत, जरा लाजाळू पोर. एका उन्हाळ्यात ती अचानक फुलली. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. क्वार्टरच्या कंपाउंडच्या भिंतीवर तिनं पक्षी काढायला घेतले, एक नाही, दोन नाही, अख्खी भिंत. गल्लीतल्या पोरांची गणिताची शिकवणी सुरू केली. एकाच आठवड्यात तीन तऱ्हेची लोणची घातली. बोलायची इतकं भराभर, की एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या पाठीवर चढलेलं असे. आम्ही सगळे खूश. दादा तर फारच. तो रात्रपाळीहून यायचा तेव्हा सुजू ओट्यापाशी उभी असायची, चहा तयार, सोबत गरम भजी. प्लांटच्या कँटीनमध्ये तो मित्रांना सांगायचा, "पोरगी माह्यासाठी उठते बापा. अशी पोरगी कोणाच्या घरी हाय सांगा." ती उठत नव्हती. ती झोपलेलीच नसायची. पण शिफ्टवाल्याच्या घरात पहाटे कुणी चहा करतंय, यात नवल करण्यासारखं काय आहे?

पावसाळ्यात भिंतीवरचे पक्षी अर्धेच राहिले आणि सुजू भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडली. केस विंचरेना, जेवेना, शाळेत जाईना. शाळेतून निरोप आला, मुलगी नखरे करते. नात्यातल्या एका काकूनं उतारा सुचवला, तेव्हा वहिनीनं तिला सरळ दाराबाहेरचा रस्ता दाखवला, आमच्या घरात ते चालत नाही. काही महिन्यांनी सुजू आपोआप उठली, आणि आम्ही म्हटलं, वयच असं असतं. मग पुन्हा तेच फुलणं आलं, पण या वेळी त्याला काटे होते. कुणी मध्ये बोललं की ताट ढकलून द्यायची. वहिनीला म्हणाली, "तुमाले कोणालेच माह्या स्पीडनं समजत नाही!" एका दुपारी सायकल काढून ती शेजारच्या दुर्गला गेली, पद्मनाभपुरात, तिच्या विज्ञानाच्या बाईंच्या घरी. विज्ञानाचं पुस्तक नव्यानं कसं लिहायला हवं, हे बाईंना समजावत ती संध्याकाळपर्यंत बोलत राहिली. बाईंनी तिला पाणी पाजलं, पोहे खाऊ घातले, आणि दुसऱ्या खोलीतून दादाला फोन केला. "भाईसाहब, आपकी बेटी बहुत होशियार है. पर आज वो चाहे तो भी रुक नहीं पा रही. किसी डॉक्टर को दिखाइए." पुढे दादा नेहमी म्हणायचा, एवढं नीट कुणी पाहिलंच नव्हतं. ती थांबत नाही, असं सगळे म्हणत होते. तिला थांबता येत नाही, असं एकट्या बाई म्हणाल्या.

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो होतो, सुजूला घेऊन. मनाच्या आजारांच्या डॉक्टर, शांत बाई. त्यांनी सगळं ऐकलं आणि अगदी साधा प्रश्न विचारला. "सोती कब है?" वहिनी म्हणाली, जेवण झालं की खोलीत जाते. दादा म्हणाला, मी नाइट करून येतो तेव्हा जागी असते. मी म्हणाले, दिवसा तर मी तिला कधी झोपलेली पाहिली नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तो फिर सोती कब है?"  एका छपराखाली राहणाऱ्या आईबापाला आणि सतत ये-जा असलेल्या आत्याला आपली मुलगी झोपते कधी, हे सांगता येत नव्हतं. शेवटी सुजूच म्हणाली, जरा गमतीनं, जरा दमून, "मॅडम, हमारे यहाँ सबकी ड्यूटी अलग है."

आजाराचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बायपोलर. मोठ्यांना होतो तसा मुलांनाही होऊ शकतो, डॉक्टरांनी सांगितलं, आणि मुलांमध्ये तो ओळखायला अवघड जातो, कारण या वयात थोडं वर-खाली सगळ्यांचंच होतं. फरक असा, की हिचं वर जाणंही आजार आहे आणि खाली येणंही. मन सांभाळणारी गोळी, ठरावीक काळानं रक्ताची तपासणी, आणि झोप. झोपेवर त्यांनी फार जोर दिला. ठरलेल्या वेळी, अंधारात, शांततेत. झोप बिघडली की आजार वर येतो आणि आजार वर आला की झोप बिघडते, म्हणून झोपेचं टोक घट्ट धरायचं. वहिनी रडली. मी पर्समधून कागद काढून लिहायला लागले. दादानं मात्र प्रश्न सुरू केले. वर जाते तेव्हा तिला सुख होते का? दोन्ही एकाच वेळी होऊ शकते का? हे पोटातून आलं का बाहेरून? डॉक्टर शेवटी हसल्या. "मनोहरजी, हर बार एक सवाल. बाकी अगली बार." दादानं ते अक्षरशः पाळलं. प्रत्येक भेटीला एक प्रश्न निवडून न्यायचा, आणि निवडताना सुजूचा सल्ला घ्यायचा.

पोटातून, म्हणजे वंशातून आलं का, या प्रश्नापायी तो भंडाऱ्यालाही जाऊन आला. आमच्या आईचा एक भाऊ, आम्ही न पाहिलेला मामा, त्याच्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. दादानं गावातल्या म्हाताऱ्यांना गाठून विचारलं. मामानं एका उन्हाळ्यात एकट्यानं विहीर खणायला घेतली होती, आणि मग कित्येक महिने तो खाटेवरून उठला नव्हता. "गावात काय म्हणत माहीत आहे का त्याले?" परत आल्यावर दादा मला म्हणाला. "हंगामी माणूस. म्हणत, त्याचा हंगाम नाही आता, येईन तवा येईन." लाज वाटण्याऐवजी त्याच्या डोळ्यांत हरवलेला नातेवाईक सापडल्याचा आनंद होता. "मामाले गोळी भेटली असती, तर विहीर पुरी झाली असती का सुरूच झाली नसती, काय वाट्टे तुले?"  मला आजही कळत नाही.

त्याचे सगळेच शोध कामाचे होते असं नाही. काही दिवस त्याचा संशय चहावर होता, मग हिरव्या मिरचीवर, मग पौर्णिमेवर. क्रिकेटचे सामने तर त्यानं सहा महिने घरात बंद ठेवले. "इंडिया हरली का हे खाली जाते," असा त्याचा दावा. सुजू वैतागून म्हणाली, "बाबा, इंडिया हरली का तुम्ही खाली जाता!" पण असं चाचपडतानाच त्यानं एक गोष्ट केली, जी आम्हा कुणाला सुचली नव्हती. त्यानं तिलाच विचारलं. सुजू बरीच सावरली होती तेव्हाची गोष्ट. व्हरांड्यात आम्ही शेंगा सोलत होतो. दादा सहज म्हणाला, "काओ सुजू, आतून कसं असते ते?"

सुजूनं शेंग तशीच हातात धरली. "वर असली ना बाबा, तर सगळ्या रंगाले आवाज असते. अन लोक इतके स्लो बोलतात, इतके स्लो, का वाटते त्यांचं वाक्य मीच पुरं करून टाकू."

"अन खाली?"

"खाली काही नसतेच ना. उदास बी नसते. ग्लास उचलाचा तर पहिले हाताले सांगा, मग बोटाईले सांगा... सगळ्याईले वेगळं वेगळं सांगा लागते."

दादानं शेंगांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाला, "म्हणजे नव्या ऑपरेटरवाणी. पहिल्या दिवशी मलेई एकेक लिव्हर आठवा लागत होता." सुजू हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. आजारानं आपण बाकी जगापासून तुटलो, असं तिला वाटत असावं, आणि बापानं एका वाक्यात तिला आपल्या क्रेनच्या केबिनमध्ये आणून बसवलं.

पण क्रेनचाच प्रश्न होता. घरात ठरलेली झोप हवी, तर दर आठवड्याला घरचं घड्याळ फिरवणारा माणूस चालणार नव्हता. क्रेन तिन्ही पाळ्यांत चालते, तिला जनरल शिफ्ट नसते. दिवसाचीच ड्यूटी हवी तर केबिन सोडून स्टोअरमध्ये जावं लागणार होतं, नटबोल्ट आणि दोरखंडांच्या हिशेबाला. त्या केबिनवर त्याचा किती जीव होता, हे मला माहीत होतं. तापलेल्या लोखंडाच्या उजेडात वरून सगळी शॉप, म्हणजे कारखान्याचं अख्खं दालन, कशी दिसते, हे तो इतक्या वेळा सांगायचा की मी न चढताही ती पाहिली होती. मी विचारलं, "दादा, क्रेन सोडून राहशील तू?" म्हणाला, "पाहू न. अर्धा जनम जग वरून पाहिलं. आता खालून कसं दिसते, तेई पाहू." एवढंच. पुढे तो स्टोअरबद्दलही कुतूहलानं बोलायचा. पण प्लांटच्या गेटातून बाहेर पडताना मान वर करून एकदा बघायचा, असं त्याचे जुने साथीदार अंत्ययात्रेच्या दिवशी सांगत होते.

काळ्या कागदाची खोली मग सुजूला मिळाली. घर बदलून ते वैशाली नगरला आले, तिथेही पहिलं काम खिडकीला कागद लावायचं झालं. त्या वेळी मी तिच्यासाठी एक टाइमटेबल नेलं होतं. मोठ्या कार्डशीटवर, चार रंगांत. उठणे, व्यायाम, औषध, अभ्यास, छंद, सगळं चौकटीत. सुजूनं पाहिलं आणि चादर डोक्यावर घेतली. दादानं कार्डशीट हातात घेऊन उलटसुलट पाहिली, खिडकीला लावून पाहिली आणि म्हणाला, "माया, साइज बराबर बसली." खिडकीच्या एका तावदानाला पुरेसा काळा कागद उरला नव्हता, तिथे त्यानं माझं टाइमटेबल डकवलं. लिहिलेली बाजू बाहेर. "वाचू दे गल्लीवाल्याईले. त्याईचा फायदा होईन." मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. चादरीच्या आतून मात्र हसण्याचा आवाज आला होता, आणि तो मी विसरलेले नाही.

सोळाव्या वर्षी सुजूनं गोळी बंद केली. लपवून नाही, सांगून. "मी ठीक आहे, मग गोळी कावून?" आयुष्यभर दादानं जगाला विचारलेला शब्द त्याच्याच समोर येऊन उभा राहिला. तो रागावला नाही. म्हणाला, हा पुढच्या भेटीचा प्रश्न, तूच विचार. तिनं विचारला, डॉक्टरांनी उत्तर दिलं, ती ठीक आहे यात गोळीचाही वाटा आहे, आणि गोळी पुन्हा सुरू झाली. पण त्या दिवशी घरी आल्यावर तिनं जे बोलून दाखवलं, ते मी समोर बसून ऐकलं आहे. "गोळीचं नाही बाबा. तुमच्या पाहण्याचं आहे. मी जोरात हसली तर आई घड्याळाकडे पाहते. मी गप बसली तर आत्या येऊन माथ्याले हात लावते. मी कोणी माणूस आहे का तुमचा लोड आहे, क्रेनले लटकलेला?"

दादानं खुर्ची तिच्यासमोर ओढली. मग म्हणाला, "आता तूच लोडचं काढलं म्हणून सांगतो. क्रेनवर वरच्याले वाटते का आपल्याले सगळं दिसते. पण लोडजवळ खालचाच उभा असते. त्यानं इशारा द्याचा, वरच्यानं मानाचा. वरच्यानं आपली अक्कल लावली का घात." त्यानं तिला खुणा शिकवल्या. एका हातावर दुसरा आडवा, म्हणजे हळू. दोन्ही हात पोटाशी एकमेकांत धरले, म्हणजे सगळं जिथे आहे तिथे थांबवा. "आजपासून इशारा तुहा. आमी पाहत बसणार नाही. तू दिला का कावून म्हणून बी विचारणार नाही." कावूनचंदानं 'कावून' न विचारायचं वचन दिलं, याहून मोठी किंमत त्याच्याकडे नव्हती.

पहिला महिना सुजूनं त्या खुणा वहिनीचं लेक्चर थांबवण्यासाठीच वापरल्या. पण एकदा भंडाऱ्याला चुलत भावाच्या लग्नात, डीजे लागलेला, सगळी पोरं नाचत होती आणि सुजू सगळ्यांत पुढे. नाचता नाचता तिनं गर्दीतून दादाकडे पाहिलं आणि एका हातावर दुसरा आडवा धरला. दादा पंगतीत बसला होता. पानावरून उठला, चप्पल घातली, आणि तिला घेऊन मिळेल त्या गाडीनं भिलाईला निघाला. मुलाकडचे कितीतरी दिवस नाराज होते. सुजू त्या वेळी वर गेली नाही. गेली असती की नसती, हे कुणाला सांगता येणार नाही, आणि दादाही तसा दावा करत नसे. त्याचं म्हणणं एवढंच, की तिनं इशारा दिला आणि क्रेन ऐकली, हे तिला दिसायला हवं होतं. पुढे खुणा घराबाहेर पडल्या. साहूजी शिकले, समोरची पोरं शिकली. फटाके दुसऱ्या टोकाला जाऊन फोडायला लागली.

त्या सकाळी सुजू तिच्या वेळेला उठली. दार उघडून बाहेर आली, अंगणभर माणसं पाहिली, मग चादर पाहिली. बापाच्या पायाशी बसली. मग तिनं आईला विचारलं, "मले उठवलं कावून नाही?" वहिनी म्हणाली, "त्याईचाच नियम होता ना." तेव्हा ती रडली, आणि तेव्हा कुठे सगळी गल्ली रडली.

मला धास्ती होती ती पुढच्या दिवसांची. डॉक्टरांना फोन करून विचारलं होतं. दुःख होऊ द्या, त्या म्हणाल्या, झोप जाऊ देऊ नका. आणि नेमकी झोपच जाण्याची वेळ होती. संध्याकाळपर्यंत गावाकडची माणसं आली, हॉल भरला. आमच्याकडे रीत आहे, मयताच्या घरी माणसांनी रात्रभर सोबत बसायचं, आठवणी काढायच्या, भीमगीतं म्हणायची. प्रेमाचीच रीत आहे. सुजू मधोमध बसली होती, येणारी प्रत्येक बाई तिला मिठीत घेऊन नव्यानं रडत होती, आणि सुजूचं बोलणं हळूहळू वेगात येत चाललं होतं. मला ते जाणवत होतं, पण मी घड्याळाकडे पाहिलं नाही. दादानं दिलेलं वचन आता आम्ही पाळायचं होतं. जेवणं उरकली, आणि सुजू उठून उभी राहिली. तिनं दोन्ही हात पोटाशी एकमेकांत धरले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उठले. कोण माझ्या घरी हुडकोला जाईल, कोण साहूजींकडे झोपेल, हे मनाशी ठरलेलंच होतं. लोक उठायला लागले. फक्त आमचे मोठे काका बसून राहिले. "बाप गेला अन पोरगी झोपाले चालली?" ते म्हणाले. "काय जमाना आला बापा." वहिनी काही बोलणार होती. सुजूच त्यांच्यापुढे जाऊन बसली, त्यांचा हात हातात घेतला. "आबा, बाबानं माह्या झोपेसाठी क्रेन सोडली," ती म्हणाली. "मी आज जागली, तर त्यानं कशासाठी सोडली?" काकांनी तिच्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि काठी शोधू लागले. सुजू आत गेली आणि दार लावून घेतलं.

याला आता काही आठवडे झाले. तिचं सगळं सुरळीत आहे, असं मी लिहिणार नाही. मधले काही दिवस ती खाली होती, ग्लास उचलायला हाताला वेगळं सांगावं लागत होतं. पण गोळी चालू आहे, डॉक्टरांकडे गेली तेव्हा प्रश्न घेऊन गेली होती, आणि दुर्गच्या कॉलेजात पुन्हा जायला लागली आहे. मी अधूनमधून वहिनीकडे मुक्कामाला असते. परवा सकाळी व्हरांड्यात दादाच्या खुर्चीवर बसले होते. समोरच खिडकी. माझ्या टाइमटेबलचे रंग उन्हानं पार उडाले आहेत, फक्त 'उठणे' तेवढं वाचता येतं. मी विचार करत होते, केबिन सोडून खाली उतरल्यावर पहिल्या दिवशी त्याला काय वाटलं असेल? विचारायला हवं होतं. त्यानं जगाला इतकं विचारलं, त्याला कुणी फारसं विचारलंच नाही.

तेवढ्यात दूधवाला आला, सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन खडखडत. मी तोंड उघडायच्या आत माझे हात उठले होते, एकावर दुसरा आडवा. मला ही खूण कुणी मुद्दाम शिकवली नव्हती. दूधवाल्यानं हँडल एका हातात धरलं, दुसऱ्या हातानं कॅन दाबून धरला, आणि शेवटची पावलं तो आवाज न करता चालत आला. काळ्या कागदाच्या पलीकडे सुजू झोपली होती.